पाण्याचा पडदा आणि थांबलेली आई

सोमवार, ४ मार्च

पाण्याच्या पडद्यात पुन्हा मधोमध फट! दोन्ही टोकांना पाणी झकास पडतंय आणि मध्ये हात घातला तर कोरडाच्या कोरडा बाहेर. अशा पडद्यानं आग कसली अडतेय! प्लंबर म्हणतो, "मॅडम, कागदावर बरोबर आहे ना? मग झालं." झालं काय, कपाळ!

मंगळवार, ५ मार्च

एसी बंद केला — फट गायब. थेंब फार बारीक होते, वाऱ्यावर उडत होते. आगीत एसी बंदच होईल म्हणा, पण आग स्वतः वारा ओढते त्याचं काय? म्हणजे थेंब मोठे हवेत. पण मोठे थेंब उष्णता कमी शोषतात. मग पाणी जास्त. मग टाकी मोठी. टाकी म्हटलं की आर्किटेक्टच्या कपाळाला आठ्या. एक धरलं की दुसरं सुटतंय.

गुरुवार, ७ मार्च

मुलांनी करायच्या नाटकांसाठी हॉल बांधताहेत, आणि हॉल अन् लॉबी यांच्यामध्ये भिंतच नाही! आर्किटेक्टला सगळं मोकळं हवंय. शटरसुद्धा नको, "डोळ्यांत खुपतं" म्हणे. म्हणून हा पाण्याचा पडदा. आग लागली की वरून पाणी कोसळणार, आग हॉलमध्येच अडणार, आणि माणसं पाण्यातून चालत लॉबीत. ऐकायला किती छान! अग्निसुरक्षेच्या रिपोर्टवर माझी सही झाली की भिंतीचा विषय कायमचा संपला. उद्या काही झालं तर मात्र मीच.

रविवारी माणसं चालवून बघायचंय. ऑफिसातले सगळे आहेत, पण एक तरी वयस्क माणूस हवं. आई एका पायावर तयार. नवऱ्याला उकळ्या फुटल्यात — "सासूबाईंना भिजवताय आणि मला बोलावणं नाही?"

रविवार, १० मार्च

काय झालं तेच कळत नाहीये.

मी आत, स्टेजजवळ, व्हॉल्व्हच्या चाकापाशी. घंटा वाजवली, पाणी सोडलं. ऑफिसातले सगळे हसत-किंचाळत पडद्यातून पार. आणि आई? पडद्याच्या अलीकडे हातभर अंतरावर उभी! बाहेरून सगळे ओरडताहेत, "काकू, या, या!" ढिम्म हलेना. मी आतून ओरडले, "आई, चल ना! सगळं बिघडवतेयस!" तरी नाही. शेवटी पाणी बंद केलं.

येताना गाडीत विचारलं, का गं थांबलीस? म्हणाली, "थांबले बाई, झालं." आणि खिडकीकडे तोंड. चारचौघांत ओरडले त्याचा राग, दुसरं काय. मीही मग रेडिओ लावला.

सोमवार, ११ मार्च

व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. कॅमेरा लॉबीत होता, त्यामुळे पाण्यामागे आई म्हणजे नुसता एक धूसर आकार. आवाजाला भ्याली? चष्म्यावर पाणी उडालं? फरशी निसरडी नाही, मी स्वतः चालून पाहिलीय. पलीकडचं दिसलं नसेल? मग बाकीच्यांना कसं दिसलं?

ऑफिसातले आमचे सर म्हणाले, "लॉबीत मोठा दिवा लाव, माणूस उजेडाकडे जातो." आर्किटेक्ट म्हणाला, "वयाचा भाग आहे हो. अपवाद म्हणून सोडून द्या." दोघांचंही पटतंय आणि दोघांचंही पटत नाहीये. माझं डोकं म्हणजे नुसता काला झालाय.

मंगळवार, १२ मार्च

आई घरात मोजकंच बोलतेय. "चहा ठेवलाय." बस्स.

बुधवार, १३ मार्च

दिवा लावला. थेंब मोठे केले. आर्किटेक्टनं कुरकुरत का होईना, टाकीला जागा दिली. फट नाही, काही नाही. सगळं जमलं, आईच तेवढी जमत नाही! रिपोर्टात लिहून टाकलं — एक अपवाद, वयामुळे. लिहिताना बरं वाटलं नाही, पण किती दिवस घोळ घालत बसणार? उद्या सही.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी निघताना आईच्या शेजारी बसले, सॉरी म्हटलं. मग पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "पाण्याला कोण भितंय गं? तू आतच होतीस ना. तुला सोडून मी एकटी बाहेर जाऊ होय?"

म्हटलं, आई, अगं खरी आग नव्हती.

"ते तुला ठाऊक. माझे पाय उचलेनात."

बसस्टॉपवर पोचले तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. रविवारी जे हसत बाहेर गेले त्यांच्यापैकी कुणाचंच कुणी आत नव्हतं. फक्त आईचं होतं. आणि त्या हॉलमध्ये जे खुर्च्यांवर बसतील त्या प्रत्येकाचं पोर स्टेजवर असणार.

सही केलेली नाही.