चार नंबरची शिट्टी

९ जानेवारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे, दुसरं काही नाही. आम्ही ठीक आहोत. थंडीनं हिचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ही जास्त कुरकुरते. माझी मान वायरलेसचे संच दुरुस्त करताना वाकून वाकून आता तशीच राहिली आहे. रस्त्यात लोकांना वाटतं मी काहीतरी हरवलेलं शोधतोय.

तू फोनवर येत नाहीस म्हणून ही अजून रुसलेली आहे. "सख्खी नणंद, आणि तीन वर्षं आवाज नाही!" मी तिला समजावतो की ताईचा आपल्या कानांवर भरवसा राहिलेला नाही, अर्धवट ऐकून भलतंच उत्तर जाईल अशी तिला धास्ती वाटते. तूच तसं लिहिलं होतंस.

रुग्णवाहिका केंद्र आहे तसंच आहे. खिडकीची फट अजून कुणी बुजवलेली नाही, सकाळपाळीला बसणाऱ्यानं शाल गुंडाळायची आणि नशिबाला बोल लावायचे. तुझ्या खुर्चीवर आता नवी ऑपरेटर आहे. कामाला चोख, तोंडाला फटकळ. मला काका म्हणते आणि कामं सांगते. तुझ्यानंतर सकाळी बसलेल्यांपैकी कुणी तक्रार केली नव्हती; ती मात्र गेल्या सोमवारी म्हणाली, "काका, चार नंबरच्या चॅनेलवर शिट्टी वाजते. लांबची गाडी बोलली की काही म्हणजे काही कळत नाही." मी म्हटलं, लिफ्टची मोटर असेल. बघतो म्हटलं. बघतोच आहे.

त्यावरून एक विचारायचं होतं. त्या सकाळची आठवण तुला नको असते, हे मला ठाऊक आहे. डोंगरापलीकडच्या गाडीचा ड्रायव्हर "पूल बंद आहे, दुसरा रस्ता सांगा" म्हणत होता, तू "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" म्हणत राहिलीस, चाळीस मिनिटं वाया गेली आणि आतले गृहस्थ वाटेतच गेले. चौकशीत तू शिट्टीचं सांगितलंस. ती कधी यायची, कधी जायची, काही आठवतं का? सहज विचारतोय. नाही आठवलं तर सोडून दे.

शेक घेत जा. जिना सावकाश उतर.

तुझा,
धाकटा


३ फेब्रुवारी

ती. ताई,

तुझं उत्तर शनिवारी आलं. मी ते गच्चीवर अँटेनाच्या खांबाला टेकून वाचलं, कारण घरात हिच्यासमोर वाचायची हिंमत नव्हती.

तू लिहिलंस: फक्त थंडीत, सातला पाळी सुरू झाली की यायची, नऊच्या सुमारास हळूहळू बारीक होत जायची आणि मग नाहीशी व्हायची. पुढं लिहिलंस, "पण माझ्या कानांचं काय खरं? संच तर तू स्वतः तपासलास."

हो, मीच तपासला. आता नीट सांगतो, मध्ये थांबवू नकोस.

संचावर मी बसवलेली ती पट्टी तुला आठवत असेल, वेळ आणि चॅनेल मोठ्या हिरव्या आकड्यांत दाखवणारी. तुम्हा सगळ्यांचं डोळे ताणणं वाचलं, साहेबांनी चार लोकांत माझी पाठ थोपटली, आणि मी आठवडाभर हवेत होतो. त्या पट्टीच्या पोटात एक क्रिस्टल आहे, घड्याळात असतो तसा स्फटिकाचा तुकडा. तो ठरलेल्या वेगानं थरथरत राहतो आणि त्या वेगाच्या पटींतल्या बारीकसारीक लहरी बाहेर सांडतो. त्यातली एक नेमकी चार नंबरच्या जागेवर पडत होती. जवळची गाडी जोरात येते, ती या लहरीला जुमानत नाही. डोंगरापलीकडच्या गाडीचा आवाज क्षीण, तो तिच्याखाली बुडतो. खोली गार असली की ती बरोबर चॅनेलवर येऊन बसते. पट्टी तापली की सरकते. म्हणून ती तुला ऐकू आली आणि दुपारपाळीच्या एकालाही आली नाही. चौकशीत तेच तर सगळे म्हणाले होते, "आम्हाला कधीच ऐकू आली नाही." वर कानाच्या डॉक्टरांनी वयाप्रमाणे थोडी घट आहे असं लिहून दिलं, आणि लोकांना तेवढं पुरलं.

मला ती का सापडली नाही? संच टेबलावर घेतला की मी आधी पट्टी काढून बाजूला ठेवतो. तिची वायर आखूड आहे, संच उघडला की पुरत नाही. दिसायला बरं दिसावं म्हणून मीच आखूड ठेवली होती. तेव्हाही काढली. संच ठणठणीत निघाला. मी लिहिलं, "संचात दोष आढळला नाही," आणि खाली सही केली. संचातला प्रत्येक टाका मी तपासला होता, ताई. पट्टीवर संशय घ्यायचं मनातच आलं नाही, कारण ती माझी होती.

या जानेवारीत पंधरा दिवस मी बाहेर हिंडलो. लिफ्ट बंद करवली, तर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा माझ्या नावानं ओरडले. शेजारच्या दातांच्या दवाखान्यात त्यांचं यंत्र बंद करून बघू का म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दात काढून घेणार असाल तरच आत या." काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी नव्या ऑपरेटरनं एका सकाळी वैतागून पट्टीची पिनच उपटली. शिट्टी थांबली. पुन्हा लावली, सुरू झाली. "काका," ती म्हणाली, "हे आपल्याच डब्यातून येतंय की."

पट्टीभोवती पत्र्याची बंद पेटी केली, पेटी संचाच्या सांगाड्याला जोडली, आत-बाहेर जाणाऱ्या वायरींवर नको त्या लहरी अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या आणि अँटेनाची वायर तिथून दूर वळवली. आता सकाळी सातलाही चार नंबर स्वच्छ आहे. सगळं मिळून दोन तासांचं काम होतं.

इथं पत्र संपवलं असतं तर मी नुसताच निष्काळजी ठरलो असतो. पण तुला अर्धंच सांगायचं असेल तर फोन न घेणाऱ्या बहिणीला पत्र लिहिणं फार सोयीचं आहे.

तू राजीनामा दिलास, त्यानंतरच्या आठवड्यात मी सकाळी सातला त्या खोलीत गेलो होतो. तुझी खुर्ची रिकामी होती. मी चार नंबर लावला आणि मला शिट्टी ऐकू आली. माझा हात पट्टीकडे गेला. खरंच गेला. मग मी तो मागं घेतला, संच बंद केला आणि चहा प्यायला निघून गेलो. अहवाल साहेबांकडे पोचला होता. मी स्वतःला सांगितलं की लिफ्टची मोटर असेल. गेल्या महिन्यातही लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो तो दुसरं काहीतरी सापडावं म्हणून. तीन वर्षं तू आपल्या कानांना नावं ठेवत घरात बसलीस, आणि तुझ्या प्रत्येक पत्राला मी हवापाण्याचं उत्तर पाठवत राहिलो. मला त्याची लाज वाटते. झोपेतून उठलो की आधी ती लाज उठते आणि मग मी उठतो.

काल साहेबांना सगळं लेखी दिलं, त्या सकाळच्या चहासकट. ते म्हणाले, "फाइल बंद झालीय, आता कशाला उकरताय? तुमची नोकरीची पाच वर्षं राहिलीत." मी म्हटलं, उघडा. पुढं माझं काय होईल ते होईल. हिला सांगितलं. ती पेन माझ्यापुढं ठेवत म्हणाली, "आधी ताईंना लिहा." म्हणून बसलो.

माफी मागायला या कागदावर जागा आहे, पण तोंड नाही. कानांचं मात्र एकदा पक्कं समज. तुला जे ऐकू आलं ते खरंच तिथं होतं.

आणखी एक. तुझ्या पत्रात शेवटी ओझरतं होतं, की त्या गृहस्थांच्या मुलीला तू दरवर्षी क्षमेचं पत्र लिहितेस, उत्तर येत नाही तरी लिहितेस, आणि या वर्षीचं अजून व्हायचं आहे. मला हे माहीतच नव्हतं. ते लिहू नकोस, ताई. तिचा पत्ता तेवढा पाठव. मी पत्र लिहिणार नाही, जाऊन तिच्या दारात उभा राहीन.

तू म्हणू दिलंस तर,
तुझा भाऊ