दिला, बोला

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आले एकदाची लालबागला! टेम्पोवाल्याने सामान जिन्याखाली टाकलं आणि तो पसार झाला. पण दुसऱ्या मजल्यावरच्या कमळाबाईंनी गॅलरीतून वाकून असा काही हुकूम सोडला की चाळीतल्या चौघांनी एकेक डाग उचलून अर्ध्या तासात सगळं वर पोचवलं. मी हेडफोनची पेटी तेवढी पोटाशी धरून उभी होते. कमळाबाईंना वाटलं, देव आहेत आत. एका अर्थी आहेतच.

खोली एकच, मागे स्वयंपाकाचा ओटा, वर माळा आणि भिंतीला लागून एक जुनी लोखंडी खाट. घरमालक राजेश माहीमला राहतात. खोली त्यांच्या आजोबांची, बरीच वर्षं बंद होती. भिंती जाड आहेत, चाळीतली निम्मी बिऱ्हाडं पुनर्विकासासाठी हललीत, आणि दुपारी एक ते चार इथे चिटपाखरू नसतं असं राजेशनी सांगितलं, तेव्हाच मी हो म्हटलं. मी बोलकी पुस्तकं संपादित करते. वाचणाऱ्याचा श्वास, खुर्चीची करकर, ओठांची चपचप काढून टाकायची. लोक पुस्तक ऐकतात, मी पुस्तकातली शांतता ऐकते. पोट या दोन कानांवर चालतं.

म्हणून तर हा थाट. हेडफोन तीनशे ओमचा; ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा. लॅपटॉपला जोडला तर पलीकडच्या गल्लीत कोणी बोलल्यासारखा वाजतो, कारण एवढ्या ओमना ढकलायची ताकद लॅपटॉपमध्ये नसते. त्यासाठी संगणकात खास साउंड कार्ड बसवलं, ज्यात हेडफोनचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असतो. नियम असा की हेडफोनचे ओम अ‍ॅम्प्लिफायरच्या निदान आठपट हवेत. माझ्या कार्डाचे दोन, हेडफोनचे तीनशे. पत्रिका बघितली असती तर छत्तीस गुण जुळले असते. उद्या सगळं मांडते.

बुधवार, ८ जानेवारी

कार्डाचा गेन, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा जोर, लो, मीडियम आणि हाय असा तीन पायऱ्यांत ठेवता येतो. हायवर ठेवला आणि मी खुर्चीत मागे टेकले. काय सांगू! खरखरीचा कणही नाही. वाचणाऱ्या बाईंनी पान उलटताना बोट ओलं केलं, तेसुद्धा ऐकू आलं. नाचावंसं वाटलं.

तिसऱ्या प्रकरणात एक अडचण निघाली. दोन वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत कोणी म्हातारी पुटपुटतेय. स्टुडिओतलं बाहेरचं काहीतरी रेकॉर्ड झालं असणार, म्हणून सौमित्रला फोन केला. तो आमचा निर्माता. त्याने मूळ फाइल तपासली आणि तिथे काहीच नसल्याचं सांगितलं. मग मी फाइल बंद केली. म्हातारी चालूच होती.

शुक्रवार, १० जानेवारी

मी भुताला भिणारी नाही, वायरींना भिते. म्हणून शिस्तीत तपासलं. हाच हेडफोन लॅपटॉपला लावला, म्हातारी नाही. माझा जुना बत्तीस ओमचा हेडफोन या कार्डाला लावला, नुसती खरखर. हा हेडफोन, हे कार्ड, पण गेन लो, तरी नाही. तिन्ही जुळलं की मात्र म्हातारी हजर. मायक्रोफोन काढून ठेवलाय, इंटरनेट बंद आहे. सौमित्र म्हणतो, वायर अँटेनासारखी रेडिओ पकडत असेल, अर्थिंग बघून घे. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. अर्थिंग उत्तम आहे.

ती तेच तीन-चार शब्द पुन्हापुन्हा म्हणते. इतकं क्षीण की शब्द सुटत नाहीत. आणि आज एक पुरुषही आहे. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तसा मोठ्याने बोलणारा. काय म्हणतंस, काय म्हणतंस, एवढंच विचारतो. दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला लिहू?

रविवार, १२ जानेवारी

आज तो अगदी डाव्या कानाशी आला. म्हणाला, “वायच कान दी गो माका.”

मी साताऱ्याची, पण वायच म्हणजे जरा, एवढी मालवणी कळते. जरा कान दे, ऐक माझं. इतक्या अजिजीने म्हणाला की भीती राहिली बाजूला. आपले आजोबा काही सांगायला आले की आपण म्हणतो, तसंच तोंडून गेलं, “दिला. बोला.”

दोघांचे आवाज एकदम बंद झाले. सोमवारी सौमित्रला सांगून त्याला हसवायचं ठरवलंय.

सोमवार, १३ जानेवारी

डावा कान गेला.

सकाळी उठले तेव्हा दडा बसलाय असं वाटलं. बोटं चोळून पाहिली, चुटकी वाजवली, काहीच नाही. परळच्या डॉक्टरांनी काचेच्या पेटीत बसवून तपासलं. पडदा ठीक आहे, शिराच काम करत नाहीये. असं कधीकधी अचानक होतं म्हणाले, गोळ्या दिल्या, हेडफोनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मी जिन्यात बसून रडले. माझ्याकडे दुसरं काय आहे?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. कमळाबाई तिळगूळ घेऊन आल्या. मी उजवी बाजू पुढे केली, तर मी सांगायच्या आधीच त्यांनी माझ्या डाव्या कानाला हात लावला.

मी आवाजांचं सांगितलं, मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. राजेशचे आजोबा, धोंडू. एकतीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, शेकडो मागांच्या खडखडाटात. तिथे माणसं ओठ वाचून बोलत. घरी आले ते ठार बहिरे होऊन. पुढे बायको, रमाबाई, अंथरुणाला खिळली. शेवटचे आठ दिवस ती या खाटेवरून त्यांना काहीतरी सांगत होती. ओठ हलण्याचंही त्राण नव्हतं, त्यामुळे वाचता येईना. हे तिच्या तोंडाला कान लावून बसायचे. शेजारीपाजारी गावाला गेलेले, ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. ती गेली. त्यानंतर धोंडू मरेपर्यंत गॅलरीत दिसेल त्याला अडवून म्हणत, वायच कान दी. लोकही हसून म्हणत, दिला हो. जिवंतपणी ते मागायचे तेव्हा कोणाचं काही गेलं नाही, असं कमळाबाई म्हणाल्या.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, “आता काय पण मागल्यान तरी व्हय म्हणू नको.”

बुधवार, १५ जानेवारी

डॉक्टरांना न जुमानता हेडफोन लावला. माझा कान परत द्या म्हणून विनवलं. उजवीकडून त्यांचा आवाज आला. एका कानाने कळत नाही म्हणाले. दुसरा दे.

मी नाही म्हटलं. तीनदा, स्पष्ट. मग हेडफोन काढला, संगणक बंद केला.

राजेशना फोन केला. ते म्हणाले, खोली सोडा, आमच्याकडे माहीमला या. पण कान इथे टाकून मी जाऊ कुठे? एकदा तिचं बोलणं कळलं की देतीलही परत. दोन दिवस बघते. फक्त हो म्हणायचं नाही, एवढं तर जमेल.

गुरुवार, १६ जानेवारी

माझी मीच माती केली.

सौमित्रचा फोन. पुस्तकाची तारीख पुढे ढकलतोय, माझं काम दुसऱ्या कोणाला देणार नाही, तू घाबरू नको, असं समजावत होता. मी मधेमधे बोलत होते. तो वैतागून म्हणाला, अगं जरा कान देऊन ऐक ना. आणि मी, याच खोलीत, याच खुर्चीत, सवयीने—

“दिलाय रे कान, बोल.”

सौमित्रचा आवाज अर्ध्या शब्दात तुटला. फोन चालू होता. पडद्यावर त्याचं नाव होतं, सेकंद पुढे सरकत होते.

शुक्रवार, १७ जानेवारी

बाहेरचं काही ऐकू येत नाही. भांडं पाडून पाहिलं. कमळाबाई दारात येऊन बोलल्या, नुसते ओठ हलले. त्यांनी माझं डोकं कुशीत घेतलं.

पण शांतता नाही. खडखडाट आहे. शेकडो माग, धाड धाड, डोक्याच्या आत. धोंडूंना आयुष्यभर ऐकू येत होतं ते आता माझ्याकडे आलं.

राजेशचा मेसेज आला. उद्या सकाळी दहाला गाडी घेऊन येतो, तयार रहा. हेडफोन पेटीत बंद केलाय. त्याचा आता काही संबंधच उरला नाही. खडखडाटाखाली ते दोघं तसेच ऐकू येतात—

धोंडू अजून तिचं ऐकतायत. माझ्या कानांनी.

शनिवार, १८ जानेवारी. सकाळचे आठ

कळलं.

त्यांना कळलं, म्हणून मलाही. रमाबाई म्हणत होती, “हात दी. माका बसव.”

एवढंच. पडून पडून पाठ भरून आली होती, उठून बसायचं होतं तिला. आठ दिवस. आणि धोंडू तिच्या तोंडाशी कान लावून—

ते रडतायत. असं रडणं मी कधी ऐकलं नाही. मला भीती वाटतेय आणि मीही रडतेय.

साडेआठ

ती अजून म्हणतेय. थांबत नाही. त्यांना ऐकू आलं, पण तिला उठवणार कसे? हात कुठे आहेत त्यांना—

नऊ वाजायला दहा

माझ्याकडे वळले. वायच हात दी गो म्हणाले.

नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं असेल, मला ऐकू आलं नाही. नाही, नाही, नाही— कमळाबाई म्हणाल्या तसं—

खाटेवरची गादी मध्ये दबलीय. कडेला आणखी एक खळगा पडलाय, कोणी कोपर टेकून उठू बघावं तसा. पुन्हा सपाट. पुन्हा कोपर—

दार चार पावलांवर आहे. जाईन. हे लिहून झालं की—

पडली ती. पुन्हा उठतेय. हात दी गो म्हणते, त्यांना नाही, मला. इतकं मऊ म्हणते. तोंडून हो गेलेलं नाही माझ्या, देवाशप्पथ नाही, पण म्हातारं माणूस उठू लागलं की आपला हात आपण होऊन— उजवा— अक्षर बघ कसं वाकडं जातंय, ओळ सोडून खाटेकडे— मी फक्त तिला बसवून लगेच—