खटका वर, खटका खाली

४ एप्रिल १९८१

मारोतरावले आता वरच्या मजल्यावर पण फोन पाहिजे! खाली त्यांचं औषधाचं दुकान, वर घर. त्यांच्या आईले, कांताबाईले, जिना उतरवत नाही म्हणे. जसे काही म्हातारीले रोज दिल्लीहून फोन येतात! मी इथं नोकरीले लागल्यापासून तिच्यासाठी एकही आला नाही.

"तू वायरमनच्या हाताखाली होता ना? मग जोड." जोडतो. रामदासपेठेत एवढे शिकलेले, पण वायर सोलता येत नाही एकाले.

६ एप्रिल

जुन्या बाजारातून काळा फोन आणला. जिन्यावरून वायर ओढत होतो तर टेलिफोन खात्याचा लाइनमन खोकल्याचं औषध घ्यायले आला. म्हणे, आमच्या डब्याच्या मागं घरचं काही जोडायचं नसते. अन् जोडतोच तर घंटी दोन्हीकडं वाजू दे.

शहाणा! मग एक बोलणार अन् दुसरा कान लावून बसणार. मी मधे खटका बसवला. खटका खाली — दुकानातला फोन चालू. खटका वर — वरचा. त्याच्या डोक्यात आलं असतं का?

७ एप्रिल

चालला! शाबास म्हणाले का मारोतराव? छे.

११ एप्रिल

मेहकरच्या बसच्या ड्रायव्हरनं घरचा निरोप आणला. गुरुवारी दुपारी आई डाकघरातून ट्रंक कॉल लावणार. वच्छलाच्या लग्नाले येतो का, एवढंच विचारायचं आहे.

येत नाही! बहिणीचं लग्न असलं तरी नाही. मोठा भाऊ धोंडबा चारचौघांत म्हणाला होता — "चौथी नापास! याले वरातीत गॅसबत्ती धरायले ठेवा." धर म्हणा तूच.

तीन मिनिटं मिळतात. मले दोन शब्द लागतात.

१६ एप्रिल

दुपारभर फोनजवळ बसलो. गिऱ्हाईक आलं तरी उठलो नाही. घंटी नाही. त्या गावाले एक फोन धड लावता येत नाही! आई डाकघराच्या पायरीवरूनच परत गेली असंल. बरं झालं. न बोलता काम झालं.

१७ एप्रिल

आईचा फोन आला होता! वर!!

काल सकाळी वरची घंटी तपासायले मीच खटका वर केला होता. खाली करायचा राहिला. मी मुक्या फोनसमोर बसून, अन् वर ह्या दोघी पूर्ण तीन मिनिटं बोलल्या.

मले काहून नाही बोलावलं, विचारलं कांताबाईले.

"तुले बोलवाले फोन ठेवला असता तर लाइन तुटली असती ना. तुही माय रडून राहिली होती गा. पोरगं जेवते का म्हणे. जेवते म्हटलं. लग्नाले येते का म्हणे. म्हटलं, काहून नाही येणार? मी पाठवते त्याले."

हिले कोणी विचारलं होतं! माझा शब्द ही देणार! वायर उपटून फेकावी वाटली. अन् म्हातारी विचारते — "पुन्हा कधी लावते गा ती फोन?"

२ मे

मेहकरच्या बसमध्ये बसलो आहे. निघताना खटका वर करून ठेवला. मारोतराव खाली दिवसभर घंटीची वाट पाहतीन — पाहू दे.