खदान वॉर्डातल्या दोनशे बारा नावांबद्दल

मी, जयवंत काशीराम घाडीगावकर, वय वर्षे एकसष्ट, पालिकेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक, राहणार घाटकोपर पश्चिम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचीही भीड न धरता लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. छातीत दोनदा कळ येऊन गेली आहे. तिसरी काही विचारून येणार नाही. डॉ. अनुपमा खानविलकर यांनी मला तपासून डोके ठिकाणावर असल्याचे लिहून दिले आहे. मला स्वतःची लाज वाटते, हेही मी त्यांना सांगितले. त्यावर गोळी नाही, असे त्या म्हणाल्या.

कलम एक. सोसायटीतील दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, भांडीकुंडी आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती मुलगी शुभा हिला द्यावे. जावईबापूंनी तिथे खुशाल राहावे. मात्र माझी पत्नी कै. जानकी हिने गॅलरीत लावलेल्या अबोलीच्या कुंड्या हटवून तिथे कपाट बसवण्याचा त्यांचा बेत माझ्या कानावर आला आहे. कुंड्या हलवू नयेत.

कलम दोन. गावच्या घरातील माझा निम्मा हिस्सा धाकटा भाऊ सहदेव याला द्यावा. त्या घराच्या मागे दोन हापूसची कलमे आहेत. गेल्या अठरा वर्षांत त्यांची एक पेटीही घाटकोपरला आलेली नाही. दरवर्षी मोहोर गळतो म्हणे. हा हिस्सा घेताना सहदेवने हे वाक्य मोठ्याने वाचावे, एवढीच माझी अट आहे.

कलम तीन. सायकल शाळेच्या शिपायाला द्यावी, ब्रेक नवीन आहेत. बाहेरच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेले, मतदार यादीचे काम मुदतीआधी पूर्ण केल्याबद्दल मला मिळालेले प्रशस्तिपत्र रद्दीत घालावे. काच शुभाला उपयोगी पडेल. ते प्रशस्तिपत्र नऊ वर्षे भिंतीवर होते. शुभाला पाहायला आलेल्या मंडळींना मी ते उठून दाखवत असे. का टाकायचे, ते पुढच्या कलमात आहे, आणि खरे तर त्या एका कलमासाठीच मी हा कागद लिहायला बसलो.

कलम चार. आमचा खदान वॉर्ड आता नकाशावर नाही. अडुसष्ट साली तो झाला आणि चौऱ्याऐंशीत मोडला. खाली रेल्वेच्या बाजूच्या चाळी, मध्ये दगडाची बंद पडलेली खाण आणि वर टेकडीवरची बौद्ध वस्ती, एवढाच त्याचा पसारा. त्यात तीन निवडणुका झाल्या. पहिलीत खाणीच्या ठेकेदाराचा माणूस बिनविरोध आला. दुसरीत एक डॉक्टर आले, ते निवडून आल्यावर दिसले नाहीत. तिसरीबद्दल सांगायचे आहे. तिन्ही वेळा घरोघर फिरून मतदारांची यादी करण्याचे काम शाळेतर्फे माझ्याकडे होते. दरवाज्यावर खडूने आकडा घालायचा, माणसे विचारायची, नावे लिहायची. त्या वॉर्डाचा कुळकर्णी मीच, असे मी गमतीने म्हणत असे.

बाहत्तरच्या डिसेंबरात दुसऱ्या यादीसाठी वर गेलो होतो. चंपा सीताराम साळवे या बाईंच्या घरी नावे लिहून झाली आणि त्यांनी चहाचा कप पुढे ठेवला. मी म्हणालो, आज संकष्टी आहे, उपास आहे. त्यांनी मागे वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. कप उचलून आत नेला. अर्ध्या तासाने टेकडीच्या पायथ्याशी मी बटाटावडा खात उभा असताना त्याच बाई हंडा घेऊन नळावर आल्या. आमची नजरानजर झाली. त्यांनी हंडा भरला आणि चढ चढून गेल्या. मी का प्यालो नाही, हे त्यांना कळले होते आणि मलाही कळले होते. शाळेत मुलांना मी समतेचे धडे शिकवत असे, परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न घालत असे. जानकीला घरी येऊन सांगितले, तर ती म्हणाली, तुम्ही चहाला नाही म्हणालात ते एक वेळ सोडा, देवाला कशाला मध्ये घेतलेत?

सत्त्याहत्तरच्या अखेरीस तिसरी यादी आली. खालच्या चाळी मी चार दिवसांत केल्या. टेकडी राहिली. दोनदा पायथ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. त्या घरात पुन्हा कप पुढे आला तर काय करायचे, हे मला सुचत नव्हते. घ्यायची हिंमत नव्हती, नाही म्हणायला तोंड नव्हते. शेवटी शाळेत बसून जुन्या यादीवरून वस्तीची दोनशे बारा नावे समोर घेतली आणि प्रत्येकापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला. अक्षर सुवाच्य आहे. हरकतींसाठी कच्ची यादी शाळेच्या फळ्यावर लागली. ती वर नेऊन दाखवणे माझे काम होते, तेही मी केले नाही. मला कोणी तसे करायला सांगितले नव्हते, कोणी पैसे दिले नव्हते. एका कपापासून तोंड लपवण्यासाठी मी एवढे केले.

त्या निवडणुकीत चंपाबाईंचे पती सीताराम साळवे अपक्ष उभे राहिले. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते फिटर होते; त्यांचे स्वतःचे नाव तिथल्या कामगार वसाहतीच्या यादीत राहिले होते, म्हणून उमेदवारी अर्ज टिकला. टेकडीवर नळ आणायचा, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि चाळींतल्याही पुष्कळ लोकांना ते पटले होते. मतदानाला माझी नेमणूक नेमकी त्याच केंद्रावर, यादी वाचायला, आली. सकाळपासून वस्तीतली माणसे स्वच्छ कपडे घालून रांगेत आली आणि मी एकेकाला परत पाठवले. चंपाबाई पुढे आल्या.

“मास्तर, तुम्ही मला ओळखता,” त्या म्हणाल्या.

“यादीत नाव नाही,” मी म्हणालो. मान वर केली नाही.

साळवे सत्तावन्न मतांनी पडले. पुढे वॉर्डांची नवी आखणी झाली, तेव्हा टेकडी कोणाला जोडायची असा वाद निघाला. कचेरीत मदतीला मी होतो, टेबलावर माझीच यादी होती. वर मते नाहीतच, असे कोणीतरी म्हणाले. वॉर्डाचे तीन तुकडे झाले आणि टेकडी सगळ्यांत मोठ्या तुकड्याच्या शेपटाला लागली. तिथे कोणी मते मागायलाही जात नाही. साळवे त्र्याऐंशी सालीच काविळीने गेले होते. यादीत चूक कशी झाली, हे विचारायला ते तीन वेळा कचेरीत खेटे घालून गेले होते. एकदा शाळेतही आले. मी त्यांना म्हणालो, वरून होते हो हे सगळे. त्यांनी माझे आभार मानले. नळ आजही पायथ्याशीच आहे.

कलम पाच. लोखंडी पेटीत त्या यादीची कार्बन प्रत, वॉर्डाचा मी काढलेला नकाशा आणि कच्च्या नोंदींच्या वह्या आहेत. हे सर्व चंपा सीताराम साळवे यांना द्यावे. त्यांनी ते कोणालाही दाखवावे.

कलम सहा. माझ्या तेराव्यानंतर शुभाने टेकडीवरच्या विहारात जाऊन कलम चार वाचून दाखवावे, असे मी इथे लिहिले होते. ती ओळ खोडली आहे आणि बाजूला सही केली आहे. खोडण्याचे कारण असे.

साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, असे वकिलांनी सांगितले होते. ते ऐकून मला एक युक्ती सुचली. चंपाबाईंनाच साक्षीदार करावे, म्हणजे माझ्या कबुलीवर त्यांची सही राहील आणि मी जिवंत असेपर्यंत त्यांना काही कळणार नाही. ही युक्ती मला सुचली याचीही लाज वाटते. चौदा वर्षांनी काल टेकडी चढलो, तीन ठिकाणी बसलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा विचारला नाही. कागद पुढे केला तर म्हणाल्या, न वाचता सही करायची नाही, हे आमच्या घरात पक्कं आहे. चष्मा लावून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. कलम चारला फार वेळ लागला. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला.

“बारा नोव्हेंबरला ते गेले. शेवटपर्यंत म्हणत होते, कचेरीतल्या कारकुनाची चूक असंल, मास्तर भला माणूस आहे,” त्या म्हणाल्या.

मी हात जोडले. त्यांनी ते न पाहिल्यासारखे केले.

“मेल्यावरची माफी घेऊन आम्ही काय करू, मास्तर? तुम्ही गेल्यावर पोरीला पाठवणार. तिनं काय केलंय? रविवारी विहारात सगळे असतात. तुमच्या तोंडानं वाचा. मग सही करते.”

म्हणून कलम चार माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. मला फार भीती वाटते. वस्तीतली माणसे काय म्हणतील याची वाटते, आणि सोसायटीत पसरल्यावर खाली दुधाच्या रांगेत कसा उभा राहणार याचीही वाटते. तरी जाईन. त्याआधी मला काही झाले, तर हे काम अर्धवट राहिले असे समजावे आणि माझ्याविषयी कोणी चांगले बोलू नये.

आज मी सही केली ती डॉ. खानविलकर यांच्यासमोर. दुसऱ्या साक्षीदारापुढे ही सही माझीच असल्याचे रविवारी मान्य करीन. कायद्याला तेवढे चालते.

ठिकाण: घाटकोपर, मुंबई
तारीख: ११ फेब्रुवारी १९८७, बुधवार

सही: जयवंत काशीराम घाडीगावकर

साक्षीदार पहिला:
डॉ. अनुपमा खानविलकर, घाटकोपर पश्चिम. माझ्यासमक्ष सही केली. नाडी जलद, बुद्धी शाबूत.

साक्षीदार दुसरा:
चंपा सीताराम साळवे, खदान टेकडी, घाटकोपर. १५ फेब्रुवारी १९८७, रविवार. मास्तरांनी ही सही आपली असल्याचे माझ्यासमोर सांगितले. कलम चार उभे राहून वाचले. आवाज फुटत नव्हता, मागच्यांना ऐकू गेले नाही, म्हणून मी त्यांना पुन्हा वाचायला लावले. दुसऱ्या वेळी सगळ्यांना ऐकू गेले. त्यानंतर सही केली.