थकल्याची मूठ

२ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. पुढे कोणी विचारलं की त्या वर्षी बास्केटबॉलची टीम जिंकली कशी, तर तपशील हाताशी असावेत. संकल्प: रोज लिहिणे, रोज शंभर फ्री थ्रो, जिभेवर ताबा.

टीम तगडी आहे. जरा जास्तच. चौदा जण आणि चौदाही खेळू शकतात, ही अडचण. सरांनी फळ्यावर गणित मांडलं. कोर्टवर जागा पाच, मॅच चाळीस मिनिटांची, म्हणजे वाटायला मिनिटं दोनशे. प्रत्येकाला वाटा मिळेल म्हणाले. मी मान डोलावली, पण मनाला पटलं नाही. खेळ म्हणजे काय वाढदिवसाचा केक आहे, सगळ्यांच्या हातात एकेक तुकडा द्यायला? ज्याच्यात दम आहे त्याने खेळावं, बाकीच्यांनी बाकावर बसून टाळ्या वाजवाव्यात. टाळ्या वाजवणं हीसुद्धा एक कला आहे.

३ डिसेंबर
फ्री थ्रो राहिले. बॉल-रूमची किल्ली कॅप्टनकडे होती.

सरांचा नवा नियम. कोर्टवर दमलात की मूठ वर करायची, सर लगेच बदली पाठवणार. ज्याने स्वतःहून मूठ वर केली त्याला दम खाऊन परत आत जायचा हक्क, सरांना विचारायलाही नको. पण जो दमूनही मूठ वर करणार नाही, त्याला सर काढणार आणि परत केव्हा घ्यायचं ते सर ठरवणार.

सापळा आहे हा. मूठ वर करणं म्हणजे आपल्याच हाताने आपली खुर्ची दुसऱ्याला देणं. माझी मूठ वर जाणार नाही.

रूममेटलाही हे नीट समजावून दिलं. रूममेट म्हणजे शिडी. सेकंड इयर, उंच, हाडकुळा, भोळा. गेल्या वर्षी याला धड बॉलचा टप्पा मारता येत नव्हता. कोपऱ्यातून शॉट कसा मारायचा ते मी शिकवलं, संध्याकाळी उभं राहून. तो म्हणाला की मी दमतच नाही, त्यामुळे प्रश्नच येत नाही. भोळाच.

७ डिसेंबर, रविवार
घरी जाऊन आलो. नवी जर्सी खांद्यात आणि बगलेत ढगळ होती. बाबांनी दुकानातली गिऱ्हाइकं थांबवून दोन्ही बाजूंनी आत घेतली. तोंडात टाचण्या धरून मला गोल फिरवत होते. टेलर माणूस, त्यांना मुलगा दिसत नाही, माप दिसतं. आई म्हणाली की एवढं जिवाचं रान त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या सुटासाठी केलं नव्हतं. बाबांनी विचारलं की तू किती वेळ खेळतोस. मी म्हणालो, टीम माझ्याभोवतीच फिरते.

१० डिसेंबर
पहिली मॅच. सुरुवातीच्या पाचात मी! जर्सी अंगावर अशी बसली होती की प्रतिस्पर्धीही बघत होते.

पुढे थोडा गैरसमज झाला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी बॉल समोरच्या टीमच्या एकाला नीट हातात दिला. त्याची जर्सीही निळसरच होती. मग मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. सरांना वाटलं दम लागला. मी बुटाची लेस बघत होतो. लेस बघायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरच्याने माझ्या शेजारून जाऊन दोन बास्केट केल्या आणि सरांनी मला काढलं. माझ्या जागी शिडी.

शिडीने कोपऱ्यातून तीन शॉट मारले. तिन्ही आत. माझा कोपरा. माझा शॉट. रूमवर मी अभिनंदन केलं, पण जरा गार आवाजात.

१८ डिसेंबर
सात-आठ मिनिटं मिळाली. सर मला फायनलसाठी राखून ठेवत आहेत, हे आता स्पष्ट आहे. शहाणा माणूस हुकमाचं पान आधी टाकत नाही.

४ जानेवारी
तीन मिनिटं. त्यातलं बरंचसं टाइम-आउटमध्ये गेलं.

रोज लिहिण्याचा संकल्प थोडा शिथिल करतो आहे. रोज लिहिण्यासारखं घडायला हवं ना.

९ जानेवारी
शोध लागला. सर बदली पाठवताना मान वळवतात आणि जो पहिला दिसेल त्याला बोट करतात. म्हणजे सगळा खेळ खुर्चीचा आहे. आज अर्धा तास आधी जाऊन सरांच्या लगतची खुर्ची धरली. कॅप्टनने विचारलं की तब्येत बरी आहे ना.

परिणाम: सरांनी मॅचभर त्यांची पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. दोनदा म्हणाले की कोपर सांभाळ. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडच्या फर्स्ट इयरवाल्या चष्म्याला बोट केलं. चष्मा! ज्याला बॉल तोंडावर आला तर डोळे मिटायची सवय आहे.

शून्य मिनिटं. खुर्चीवर इतका वेळ बसल्याने पाठ धरली. हे कोणाच्या लक्षात येत नाही.

१३ जानेवारी
सरांना भेटलो. तत्त्वाची बाजू मांडली. म्हटलं, सर, दोनशे मिनिटं भागिले चौदा, प्रत्येकाला चौदा मिनिटं आणि वर थोडी चिल्लर. समता हाच सांघिक खेळाचा आत्मा आहे. तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं.

सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की उद्याच्या प्रॅक्टिसमध्ये दम लागला की फक्त एकदा मूठ वर कर, पुढच्या मॅचला पूर्ण क्वार्टर तुझा. त्यांना माझा दम कमी आहे याचं काही वाटत नाही म्हणे, मी तो लपवतो याचं वाटतं. दमलेला आणि न सांगणारा माणूस पाचातल्या चौघांना अडचणीत आणतो, असं काहीतरी.

हा सरळसरळ अपमान. तीन वर्षं या टीमसाठी घाम गाळला आणि आता मी दमतो हे मी चारचौघांत हात वर करून कबूल करायचं? माझ्या बाजूने एक माणूस बोलला नाही. शिडी बाहेर उभा होता, सगळं ऐकलं असणार. त्याने एवढंच म्हटलं की कर ना यार एकदा, काय जातंय. त्याचं काय जाणार? माझी मिनिटं तर त्याच्याच खिशात आहेत.

१४ जानेवारी
प्रॅक्टिस. मूठ वर केली नाही. उलटी झाली, पण मूठ वर केली नाही.

२ फेब्रुवारी
टीम सेमीफायनलला. मी त्यात मोलाची भर घातली. विश्रांतीच्या वेळी सगळ्यांना टॉवेल कमी पडत होते, ते मी आणले.

बाबांचा फोन. टीम पोहोचणारच हे धरून त्यांना फायनल बघायला यायचं आहे. दुकान दिवसभर बंद ठेवणार म्हणाले. आजवर आजारपणातसुद्धा दुकान बंद न ठेवणारा माणूस. इस्त्रीवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं आहे. मागून बहीण ओरडून म्हणाली की दादा, बास्केट केलीस की आमच्याकडे बघून हात कर.

मी म्हणालो की फायनल पुढे ढकलली आहे, हॉलचं छत गळतंय. बाबा म्हणाले की मग कळव तारीख. आवाज एकदम बारीक झाला त्यांचा. फोन ठेवला तेव्हा शिडी त्याच्या कॉटवर पाय भिंतीला लावून पडला होता. झोपेचं सोंग. त्याला सोंगही धड येत नाही.

एकदा, फक्त एकदा बाबांनी मला खेळताना बघावं एवढंच मला हवं होतं. एवढंही या लोकांनी ठेवलं नाही.

५ फेब्रुवारी
सेमीफायनल. निषेध सुरू केला. मूक, पण कडक. वर टीमचं जॅकेट, आत जर्सीच नाही! आत रंगाच्या कंपनीचा फुकट मिळालेला टी-शर्ट. ज्या टीमला माझी किंमत नाही तिची जर्सी मी का घालावी? जर्सी धुऊन, इस्त्री करून रूममधल्या दोरीवर टांगून गेलो.

मॅचभर चेन गळ्यापर्यंत लावून बसलो. कोणाला पत्ता नाही. फार समाधान वाटलं. आपण जिंकलो. म्हणजे ते जिंकले.

८ फेब्रुवारी
मी रूमवर आलो तेव्हा शिडी फोनवर कुजबुजत होता. मला बघून घाईघाईने फोन ठेवला. कोण होतं विचारलं तर म्हणाला, कोणी नाही, घरचं.

९ फेब्रुवारी
आता सगळं उघड झालं. सरांच्या केबिनवरून जात होतो. आत शिडी. माझं नाव दोनदा ऐकलं, माझ्या कानांनी. सर म्हणत होते की ठीक आहे, पण ते तुझं तू बघ. शिडी म्हणाला की थँक्यू सर.

थँक्यू! केसाने गळा कापला माझा. माझ्या हातचं शिकला, माझ्या डब्यातलं खाल्लं, आणि आता फायनलला माझं उरलंसुरलं एखादं मिनिटही स्वतःच्या नावावर करून घेतोय. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच, आणि हा तर माझ्याच शेजारच्या कॉटवर. सरही त्याला सामील. उद्या फायनल. जर्सी दोरीवरच राहील. निषेध अटळ.

शिडीशी बोलणं बंद. त्याने विचारलं की उद्या जर्सी घेतलीस ना. बॅगेत घालून देऊ का, असंही विचारलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
जे घडलं ते क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. मी खुर्च्यांच्या रांगेच्या टोकाला, चेन गळ्यापर्यंत. पहिला क्वार्टर संपला आणि सहज वर पाहिलं तर वरच्या रांगेत बाबा. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. मला बघून उभे राहिले आणि हात केला.

जर्सी हॉस्टेलवर. मधल्या विश्रांतीत पळत जाऊन आणावी म्हटलं तर सरांनी सगळ्यांना गोल करून बसवलं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मागितलं की मला बोलावू नका. मी खुर्ची हळूहळू मागे सरकवली, चष्म्याच्या मागे गेलो. चष्मा बारीक आहे, त्याच्या मागे काही लपत नाही.

शेवटच्या क्वार्टरच्या मध्यावर शिडीने मूठ वर केली.

सगळी टीम बघत राहिली. शिडीची मूठ अख्ख्या वर्षात कोणी पाहिली नव्हती. दमलेलाही दिसत नव्हता, बेटा नीट उभा होता, आणि दुसऱ्या हाताने सरळ माझ्याकडे बोट करत होता. सर वळले. बहुतेक हसले. म्हणाले की जा, तुझ्या मित्राने तुझ्यासाठी मागून घेतली आहेत ही मिनिटं.

मी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी गेलो. वर बाबा उभे होते, शेजारच्याला माझ्याकडे बोट करून दाखवत होते. टेबलावरच्या माणसाने सांगितलं की जॅकेट काढा. मी म्हणालो की थंडी वाजतेय. तो म्हणाला की काढा हो, खेळ थांबलाय. मी चेन थोडी खाली केली. आतल्या टी-शर्टवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: टिकाऊ, चमकदार, धुतला तरी तसाच.

त्याने वाचलं. मग पंचाने वाचलं. मग सरांनी. सर चष्म्याला जा म्हणाले. मी चेन परत वर केली, आणि ती मध्येच अडकली.

वर बाबा अजून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं असावं की असंच असतं.

शिडी थोड्या वेळाने हक्काने परत आत गेला. टीम जिंकली. फोटोत मी आहे, उजवीकडे, हाताने जॅकेट धरून.

हिशोब माझ्या मनात साफ आहे. शिडीने बाबांना परस्पर फोन केला. शिडीने सरांना परस्पर सांगितलं. शिडीने परस्पर मूठ वर केली. माझ्या पाठीमागे सगळं. आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर मी जर्सी घातली नसती का? एवढा विश्वासघात मित्र करतो?

११ फेब्रुवारी
काल हे लिहायचं राहिलं.

मॅचनंतर बाबा रूमवर आले. शिडी काका-काका करत चहा आणायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. बाबांनी दोरीवरची जर्सी पाहिली. उतरवली, उलटी केली, खिडकीपाशी नेऊन स्वतःची शिवण अंगठ्याने चाचपून बघत राहिले. मी मनात तीन-चार कारणं तयार केली होती. चांगली होती.

त्यांनी काही विचारलंच नाही. म्हणाले की बगलेत जास्त आत गेली का रे? काचत असेल. हल्ली बारीक दिसत नाही मला, अंदाजाने घेतलं होतं.

मी म्हणालो, हो, थोडी काचते.

त्यांनी जर्सीची घडी घालून पिशवीत ठेवली. म्हणाले की सैल करून पाठवतो, पुढच्या मॅचच्या आत मिळेल तुला.

पुढची मॅच नाही. सीझन संपला, माझं कॉलेजही संपत आलं. हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि त्यांची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.