पेंढ्याचं रेडकू

४ ऑगस्ट, रविवार
आले एकदाची पणदऱ्याला! सुप्याहून बारामतीपर्यंत एस.टी.त उभी होते, तरी चिडले नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. आईला जाऊन सात आठवडे झाले. पप्पा ट्रकवर, आज गुजरात, उद्या हैदराबाद. म्हणून बारावीपुरती मामाकडे. विजयसिंहमामाने फाटकातूनच आरोळी ठोकली, "अगं ए, स्वरूपा आली बग!" मामीने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला स्वतंत्र खोली, टेबल, खिडकीबाहेर ऊस. कॉलेजची गाडी सात-दहाला कोपऱ्यावर येते.
खोली छकुलीची. मामाची एकुलती एक, माझ्याच वयाची, मागच्या दिवाळीत तापाने गेली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. सुप्यात सगळे विषय बदलायचे. इथे तरी आईबद्दल पोटभर बोलता येईल.

६ ऑगस्ट
गोठ्यात भलतंच बघितलं. म्हशीचं रेडकू मेलं, तर मामाने त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते शिवलं आणि चार काठ्यांवर उभं केलंय. धार काढताना ते म्हशीसमोर ठेवायचं. ती हुंगते, चाटते आणि पान्हा सोडते. मी म्हटलं, ही तर फसवणूक झाली. मामा हसला. "तिला काय कळत न्हाय व्हय? पर समोर कायतरी लागतंय."
मामी मला दोनदा छकुली म्हणाली. असो, जीभ घसरते माणसाची.

९ ऑगस्ट, नागपंचमी
मामीने छकुलीचा हिरवा ड्रेस पुढ्यात ठेवला. मी नाही म्हणणार तोच मामाने मला गोठ्यामागे नेलं आणि चक्क हात जोडले. मामी नऊ महिने धड जेवलेली नाही म्हणे. "फकस्त जेवताना घाल. तू समोर बसलीस की दीड भाकरी खाती ती."
मोठ्या माणसाने हात जोडल्यावर काय बोलणार, कपाळ! घातला. खांद्यात ढगळ, बाह्या तोकड्या. मामी खरंच दीड भाकरी जेवली. मी आईचं नाव काढलं, तशी ताट घेऊन उठली. असा राग आला! माझंही माणूस गेलंय की. माझं दुःख काय रस्त्यावर पडलंय?

१४ ऑगस्ट
चार दिवस कॉलेज नाही. मामीला एकटं वाटतं म्हणून. गाडी जाईपर्यंत ती माझे केसच विंचरत बसते. माझे कपडे कुठे ठेवलेत ते कुणी सांगत नाही. पप्पांना फोन केला, तर म्हणाले, सांभाळून घे, त्यांनी तुला ठेवून घेतलंय. सांभाळून घे! सगळ्यांना मीच सांभाळायचं, आणि मला कुणी?
अभ्यास बोंबलला. आणि तो ड्रेस आज अंगावर नीट बसला. बाह्यासुद्धा. मामीने उसवून वाढवला असेल. पण शिलाई तर जुनीच आहे.

१९ ऑगस्ट
फोन माझा चेहरा ओळखत नाही. पाच वेळा धरला, कपाळावरचं तेल पुसून धरला. शेवटी आकडे टाकून उघडला. हनुवटीवर सायकलवरून पडल्याचा व्रण होता. आरशात शोधला. भरदुपारी, खिडकीत उभी राहून शोधला.
शेजारची झुंबरकाकू ताक न्यायला आली. मला बघून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "छकुले, लई बारीक झालीस गं." ही बाई छकुलीच्या मयताला होती! मी ओरडले, मी स्वरूपा आहे. काकू हसली. मामी पदराने माझं कपाळ पुसत राहिली. पुसतच राहिली.

२२ ऑगस्ट
रेडकाचा पेंढा कुजला. मामा पोट उसवत होता. नवा भरायचा तर आतलं जुनं आधी सगळं काढावं लागतं म्हणाला. 
दिवसभर एकच आठवत बसलेय — मी आईला आई म्हणायचे की मम्मी?

२४ ऑगस्ट
फोन सापडत नाही. विचारलं तर मामा वर बघत नाही.
छकुले म्हटलं की पाय आपोआप — आधी नव्हते जात. मी मनात नको म्हणते, तोवर जाऊन उभी —

२६ ऑगस्ट
सकाळी म्हशीने रेडकू लाथाडलं. चाटलंच नाही. मान वर करून ओरडत राहिली. बादली कोरडी. मामी दारातून बघत होती —
मी बोलून टाकलं. छकुली गेली, मामी. माझी आई पण गेली.
मामी मटकन बसली आणि रडली. मामा म्हणतो, नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मीही रडले. गोठ्यातच, गळ्यात गळा घालून. इतकं हलकं वाटलं — भूक लागली मला! मामा म्हणाला, उद्या मी स्वतः कॉलेजात सोडतो.
मग मामीने माझं तोंड पुसलं. निरखून बघितलं. मला, मलाच. म्हणाली, "मग तू कोन गं, बाय?"
केवढा आनंद झाला! सांगायला तोंड उघडलं —
आलेच म्हटलं. पळत खोलीत आले. ओठांवरच आहे, लिहायला लागले की येईल. मामी दारात थांबलीय. दुसऱ्यांदा विचारतेय. सोपं आहे. मी मामाची भाची. पप्पा ट्रकवर. बारावी. माझं नाव