माझ्याच आंघोळीला दिवा का जातो?

४ मार्च

कपडे धुण्याचं मशीन आलं! बसवलं कुठे, तर बाथरूममध्ये. आता आंघोळ करायची ती अंग चोरून.

वायरमन म्हणाला, "साहेब, बाथरूमच्या आत बोर्ड नको. बाहेरून वेगळी लाइन ओढू, अर्थिंग देऊ, ट्रिप स्विच बसवू." पण त्यासाठी भिंत फोडायची! चिरंजीव म्हणाले, "नवीन टाइल्सना हात लावायचा नाही." वायरमनची बोळवण केली. बरं केलं. ही माणसं कामं वाढवून ठेवतात. संध्याकाळी चिरंजीवांनी स्वतःच दिव्याच्या लाइनवरून वायर काढली आणि अडगळीतला जुना बोर्ड मशीनच्या वर ठोकला. लहानपणापासून हुशार आहे माझा मुलगा.

७ मार्च

सून रबरी चपला घालून बाथरूममध्ये जाते! टोकलं तर म्हणते, "राहू द्या ना, आई." माझ्या घरात!

९ मार्च

आंघोळीच्या मध्येच दिवा गेला. डोळ्यांत साबण. ओरडले — कुणी ओ देईना. बाहेर येते तर दिवा लागलेला आणि सूनबाई चहा गाळतायत. चेहरा साळसूद. कुठेतरी पाणी मुरतंय.

१० मार्च

परत गेला!

१३ मार्च

पाळत ठेवली. ती आंघोळीला जाते तेव्हा दिवा जात नाही. माझ्याच वेळी जातो. मशीनलाही हात लावू देत नाही — "तुम्ही नका आई, मी काढते कपडे." जसं काही माहेराहून आणलंय!

मुलाच्या कानावर घातलं. ताटातून मान वर न करता "बघतो" म्हणाला. बायकोपुढे काय बोलणार बिचारा.

१५ मार्च

दोघांची कुजबुज चालते. मी गेले की गप्प. आज दाराआडून ऐकलंच. ती म्हणत होती, "आईंना सांगून तरी टाक." तो म्हणाला, "नको, घर डोक्यावर घेईल ती."

म्हणजे मला कुठेतरी पाठवायचा बेत शिजतोय. दिवसभर घास उतरला नाही. फार एकटं वाटतंय.

१८ मार्च

तिच्या त्या चपला माळ्यावर टाकल्या. शोध म्हणावं आता!

१९ मार्च

सकाळी सून मशीनमधून कपडे काढत होती. किंचाळली, भिंतीवर आदळली. हात भाजलाय, डोक्याला खोक पडलीय. शुद्धीवर आहे. दवाखान्यात ठेवलंय.

वायरमनला मीच बोलावून आणलं. त्याने प्लग उपटून दाखवला. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन पकडीने कापलेली. मशीनच्या पत्र्यात करंट उतरत होता, म्हणाला.

मुलगा म्हणाला, "बोर्डाला दोनच भोकं होती. बसत नव्हती, म्हणून कापली."

"करंट येतो हे माहीत होतं तुला?"

"थोडासाच यायचा. तिला म्हटलं होतं ना, चपला घालत जा. आणि तू आंघोळीला गेलीस की मी आठवणीने लाइन बंद करत होतो, आई!"

माझ्या वेळी बंद. तिच्या वेळी चालू. हे तो मला कौतुकाने सांगत होता! आणि चपला मी टाकल्या होत्या माळ्यावर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं — आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले मी ही म्हण. लाज वाटते.

२१ मार्च

सून घरी आली. चपलांचं तिला सांगून टाकलं. तिने पट्टी बांधलेल्या हाताने कपाट उघडलं. मग म्हणाली, "मला माहेरी जायचंय."

मुलगा माझ्या मागे लागलाय — "आई, तू तरी थांबव तिला."

२२ मार्च

थांबवलं. त्याची बॅग भरून दाराबाहेर ठेवली.